सर्फ रॉडचे गाइड कसे निवडावेत? १३ फुटी काठी, ब्रेडेड लाइन आणि आपला खारा वारा

सुकती | १२ ऑगस्ट, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी रत्नागिरीच्या आसपास किनाऱ्यावरून गरवतोय, म्हणजे गळाने मासे धरतोय. भाट्ये, आरे-वारे, गावखडी आणि सवड मिळाली की पूर्णगडच्या मुखापाशी. यंदा पावसाळ्यात घरी बसून स्वतःची काठी बांधायला घेतली आहे. कार्बनचा १३ फुटी ब्लँक, म्हणजे काठीचा नुसता दांडा मिळालाय, दोन तुकड्यांचा, १०० ते १५० ग्रॅम शिसं फेकणारा. रीळ जुनंच, ८००० मापाचं. लाइन ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली. पुढे फेकीचा झटका सोसायला तंगुसाचा, म्हणजे एकसंध नायलॉन दोऱ्याचा शॉक लीडर. रीळसीट, बुडख्याची मूठ, सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते गाइडपाशी. काठीवर ओळीने बसवतात, ज्यांतून लाइन जाते, ते गाइड: आत गुळगुळीत कडी, बाहेर धातूची चौकट आणि काठीला धाग्याने बांधायचे तिचे पाय.

आधीची काठी दुकानातून तयार घेतली होती, तिचं काय झालं ते सांगतो. गेल्या मार्चमध्ये गावखडीला पहाटेच्या भरतीला फेक मारली आणि शिसं एकटंच समुद्रात गेलं. गाठ कच्ची राहिली असेल म्हणून नवी मारली. तिसऱ्या फेकीला पुन्हा तेच. उजाडल्यावर लाइन बोटांतून ओढून पाहिली, तर दहा-बारा मीटर लांबीवर लव आल्यासारखे तंतू उठलेले. घरी येऊन एकेका गाइडच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवला. पहिल्या चारांतून साफ निघाला, पाचव्यात तंतू अडकले. भिंगातून पाहिलं तर कडीला केसाएवढा तडा होता. नखाने दाबली की कडी चौकटीत किंचित हलायची. गाइडच्या पायाशी, धाग्याच्या कडेला तपकिरी डाग होता. धागा कापून काढला तेव्हा पाय खालून पोखरलेला निघाला. वरून मात्र तो चकचकीत होता.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. काठीत सगळ्यात लहान वस्तू गाइडची, पण लाइनचा प्रत्येक मीटर तिच्यातूनच जातो. म्हणून विचारतो:

कडी कशाची घ्यावी? चौकट स्टेनलेस की टायटॅनियम? रिळाजवळची पहिली कडी केवढी? जुन्या काठीला ४० मिमीची होती, आता सगळे ३० म्हणतात. आणि किती गाइड, कुठे बसवायचे?

घाई नाही. समुद्र शांत व्हायला अजून वेळ आहे.

---

तंगूस४५ | १२ ऑगस्ट, रात्री १०:०५

सुकतीभाऊ, एक सांगतो, राग मानू नका. मी हर्णै-मुरुडला ०.४५ मिमीचं तंगूस वापरतो आणि माझ्या काठीला पहिली कडी ५० ची आहे. तंगूस ताठ असतं, स्पूलवरून, म्हणजे रिळाच्या चकरीवरून सुटताना मोठी मोठी वेटोळी घेऊन सुटतं. लहान कडी लावली की ती वेटोळी तिथेच आपटतात आणि फेक मरते. त्यामुळे "३०च घ्या" हे सगळ्यांना लागू नाही. आधी लाइन ठरवा, मग कडी.

---

जांभा_दगड | १२ ऑगस्ट, रात्री ११:३०

तंगूस४५ यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

मी आतापर्यंत अकरा काठ्या बांधल्या, त्यातल्या तीन माझ्यासाठी. पहिल्या दोन बिघडवल्या. कारण एकच, गाइड आधी विकत घेतले आणि रीळ नंतर. उलटं करायचं असतं.

रिळाच्या स्पूलवरून लाइन सुटते ती सरळ नाही, गोल फिरत सुटते. तो फिरता शंकू हळूहळू आवळून सरळ रेषेत आणायचा, हेच पहिल्या तीन गाइडचं काम. पुढचे सगळे गाइड लाइन ब्लँकला धरून ठेवतात आणि भार वाटून घेतात, बस. जाड तंगूस ताठ, त्याचा शंकू आवळायला मोठी कडी आणि लांब अंतर लागतं. ब्रेडेड लाइन मऊ आणि बारीक, ती लवकर आवळली जाते. तिला ५० ची कडी दिली तर ती आत सैल फिरत राहते, वाऱ्यात चौकटीला वेटोळं घालते, आणि १२० ग्रॅम शिसं पूर्ण वेगात असताना ते वेटोळं घट्ट झालं की झटक्यात तुकडा.

आता हिशेब. स्पूलच्या ओठाचा, म्हणजे पुढच्या कडेचा बाहेरचा व्यास मोजा. त्याला २७ ने गुणा. स्पूलच्या पुढच्या कडेपासून तेवढ्या अंतरावर लाइन आवळून झालेली असली पाहिजे. समजा व्यास ६४ मिमी, तर ६४ × २७ = १७२८ मिमी, म्हणजे १७३ सेंमी. दुसरी जुनी रीत: रीळ बसवा, स्पूल काढून ठेवा आणि दांड्याच्या रेषेत दोरी ताणून पुढे न्या. ती ब्लँकला जिथे छेदते ती जागा. दोन्ही रीतींत थोडा फरक पडतो, कारण रिळाचा पाय किती उंच आणि दांडा किती वर कलता त्यावर दुसरी रीत अवलंबून. मी दोन्ही खुणा पेन्सिलीने करतो आणि मधे सुरुवात करतो.

पहिली कडी स्पूलच्या साधारण निम्म्या मापाची. ६४ चे निम्मे ३२, म्हणून ३०. एक लक्षात ठेवा, गाइडचं माप म्हणजे कडीचा बाहेरचा व्यास. ३० च्या कडीचं भोक ३० मिमी नसतं, बरंच कमी असतं. दुकानात हात लावून बघताना इथेच फसगत होते.

चौकट उंच पायांची घ्या. स्पूल ब्लँकपासून दूर असतो, त्यामुळे पहिली कडीही दूर हवी. बुटकी घेतली तर लाइन पहिल्या फुटातच ब्लँकवर आपटते, फेकताना "टप टप टप" आवाज येतो तो हाच.

---

पुणे_ते_पुळे | १३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. मी अगदी नवीन आहे, महिन्यातून एकदा गणपतीपुळे-मालगुंडला येतो. ऑनलाइन "एसआयसी गाइड सेट" अतिशय स्वस्तात दिसतात. घ्यावेत का? आणि हे एसआयसी म्हणजे नक्की काय?

---

खारवारा | १३ ऑगस्ट, दुपारी १:४०

मी गरवत नाही, आमच्या घरातले गरवतात आणि काठ्यांची दुरुस्ती माझ्याकडे येते. पोटापाण्यासाठी एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात आहे, पाइप, व्हॉल्व्ह आणि गंज हेच दिवसभर. म्हणून लिहिते.

एसआयसी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. घरी कोयत्याला धार लावायला जो काळपट कार्बोरंडमचा दगड असतो, तोच पदार्थ. गाइडमध्ये तो घट्ट भाजून आरशासारखा घासलेला असतो. दोन गुण महत्त्वाचे: कठीण, त्यामुळे ब्रेडेड लाइन त्यात खाच पाडू शकत नाही, आणि उष्णता पटकन वाहून नेतो. ब्रेडेड लाइन पॉलिएथिलीनची असते, ती साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळते. मोठा मासा पळताना कडीवर घर्षण होतं, तिथे हा गुण उपयोगी. त्याखालोखाल अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कड्या. त्याही ब्रेडेडला चालतात. फक्त सिरॅमिक नसलेल्या, नुसत्या मुलामा दिलेल्या तारेच्या कड्या ब्रेडेडला नकोत. त्यात काही महिन्यांत चर पडतो आणि तो चर लाइन कापतो.

स्वस्त सेटबद्दल: पाकिटावर तीन अक्षरं छापायला काही लागत नाही. पण माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक काठ्यांत कडी शाबूत होती. मेली होती चौकट.

सुकतीदादा, तुमचा पाय खालून पोखरला आणि वरून चकचकीत राहिला, त्याचं कारण ऐका. स्टेनलेस गंजत नाही कारण त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून एक अतिपातळ थर तयार करतं. ओरखडा आला तरी ऑक्सिजन मिळाला की थर परत भरून येतो. पण धाग्याखाली, जिथे खारं पाणी झिरपून अडकून राहतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही. थर भरून येत नाही आणि मिठातलं क्लोराइड त्या अंधाऱ्या फटीत खात बसतं. म्हणून गंज नेहमी पायाशी, धाग्याच्या कडेला दिसतो. आमच्याकडे पाइपांच्या जोडातल्या गॅस्केटखाली अगदी हेच होतं.

स्टेनलेसच्या ३०४ जातीपेक्षा ३१६ बरं, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला तोंड देतं. पण अमरत्व त्यालाही नाही. टायटॅनियमला समुद्राचं पाणी काही करत नाही, आणि वजनही स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त, ४.५ विरुद्ध ७.९ घनता.

एक चूक मात्र सगळे करतात. गाइडचा पाय निमुळता करायला घरातली कानस घेतात. ती आधी लोखंडावर चाललेली असते. तिच्या दातांतले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि महिन्याभरात तिथे डाग उठतो. कानस नवी घ्या आणि ती फक्त स्टेनलेससाठी ठेवा. तिला रंग लावून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कोणी उचलणार नाही.

---

सुकती | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, सहा वर्षांत हे कारण कोणीच सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की माल खोटा होता. खोटा असेलही, पण मीही काठी नळाखाली धरून भिंतीला उभी करत होतो. धाग्याखालचं पाणी तसंच राहत असणार.

---

संगमार | १४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मी देवबागच्या संगमार गरयतंय, वीसेक वर्सां झाली. सुरवातीक हातदोर होती, लाकडाच्या तुकड्यार गुंडाळलेली. आता रॉड असा. तुमचा गणित बरा असा, पण टोकाची कडी बारीक घेव नकात. पावसानंतर पाण्यात शेवाळ येता. ता लाइनीर चढता आणि लीडरच्या गाठीर जमता. ८ नायतर १० ची कडी आसली तर गाठ शेवाळासकट थयच अडकता, मगे मासो समोर दिसता पण काठाक येणा नाय. एकदा तांबोशी अशीच गेली माझी, पायाकडसून. १२ च्या खाली जाव नकात. माझ्या काठयेक १६ ची असा.

दुसरा म्हणजे दुपारचो वारो. अकरा वाजल्यार खारो वारो सुटता तो तोंडारच येता. तेव्हा लाइन सैल सोडून चलणा नाय. शिसां पडला की लगेच बोटान लाइन धरायची. गाइड कितीय म्हाग घेतलास तरी ह्या करूकच होया.

---

जांभा_दगड | १४ ऑगस्ट, दुपारी ३:१०

संगमारकाका, अगदी नेमकं. शॉक लीडरचा अंदाज असा की प्रत्येक औंस शिशाला १० पौंड ताकद. ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅमला ४० पौंडी लीडर. ४० पौंडी तंगूस आणि ब्रेडेड यांची गाठ लहान करता येते, पण नाहीशी करता येत नाही. ती फेकताना सगळ्या कड्यांतून सणकन जाते. हौशी माणूस टोक हलकं करायला लहान कड्या लावतो आणि पहिल्याच दिवशी गाठीने कडी उडवतो.

वाऱ्याबद्दल. फुजी या जपानी कंपनीच्या के मालिकेच्या गाइडची चौकट टोकाकडे कललेली असते. वेटोळं पडलं तर तणावाने ते पुढे घसरून आपोआप सुटतं. सरळ उभ्या चौकटीत ते पायाभोवती आवळतं. आपल्याकडे वारा समोरून असतो, ब्रेडेड वापरणाऱ्याने ही कललेली चौकट घ्यावीच असं माझं ठाम मत आहे. पैसे कमी पडले तर कडीत वाचवा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, पण चौकटीचा आकार सोडू नका.

त्यांच्या नावातली अक्षरं वाचायला शिका. सुरुवातीला टी असेल तर टायटॅनियम. मधे एस म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ए म्हणजे अल्कोनाइट, ही त्यांची दुसरी सिरॅमिक कडी. एवढं कळलं तरी दुकानदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

लो रायडर हा दुसरा पर्याय. बुटके, लहान, दोन पायांचे गाइड.  लांब फेकीला काहींना तेच आवडतात, पण ते लांब स्पूलच्या सर्फ रिळाला शोभतात. सुकतींचं रीळ तसं आहे का?

---

सुकती | १४ ऑगस्ट, रात्री ८:३०

नाही, साधं जाडजूड स्पूल. आत्ता मोजलं, ओठ बरोबर ६४ मिमी. तुमचं उदाहरणच माझं निघालं.

मग असं ठरवतोय: ३०, २०, १६, मग १२ चे चार, टोकाला १२. एकूण सात आणि टोक. पहिले तीन के चौकटीचे. सगळे टायटॅनियम परवडत नाहीत.

---

खारवारा | १५ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मग पैसे वाटून खर्च करा. टोकाचं आणि त्यामागचे दोन टायटॅनियमचे घ्या, बाकी स्टेनलेस. टोकाकडचं वजन काठी सगळ्यात जास्त जाणवून देते. तिथे जड गाइड असले तर फेकीनंतर टोक थरथरत राहतं, लवकर स्थिर होत नाही. आणि टोकच वाळूत टेकतं, दगडाला लागतं, मिठाचे शिंतोडे तिथेच.

स्टेनलेसच्या पायांना धागा गुंडाळण्याआधी पायाच्या पोटाला एपॉक्सीचा पातळ हात द्या आणि सुकू द्या. त्यामुळे दोन गोष्टी होतात. घासलेली उघडी धार झाकली जाते आणि स्टील कार्बनला थेट टेकत नाही. कार्बन वीज वाहतो. खाऱ्या पाण्यात कार्बन आणि धातू टेकले तर धातू खाल्ला जातो. रीळसीटचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं असेल तर तिथेही हेच.

---

पुणे_ते_पुळे | १५ ऑगस्ट, दुपारी १२:००

गाइड कुठे बसवायचे हे आधी कसं तपासायचं? एकदा चिकटवल्यावर काढायचे म्हणजे सगळंच वाया.

---

जांभा_दगड | १५ ऑगस्ट, रात्री १०:४५

चिकटवायचंच नाही. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मिळते, ती बारीक रबरी नळी. तिचे दोन-तीन मिलिमीटरचे छल्ले कापा. टोकाकडच्या गाइडच्या पायांवर हे छल्ले चढवले की गाइड घट्ट बसतो आणि सरकवताही येतो. बुडख्याकडच्या जाड भागाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. मग दोन परीक्षा.

पहिली घरात. काठी ४५ अंशांत बांधा, लाइन सगळ्या गाइडमधून काढून टोकाला वजन लावा. पाण्याची बाटली चालते, हळूहळू भरत जा. काठी वाकली की बाजूने पाहा. रीळ खाली असल्याने लाइन ब्लँकच्या खाली राहते आणि दोन गाइडांमध्ये सरळ रेषा काढते. ती रेषा ब्लँकच्या वाकापासून कुठे फार लांब गेली, कुठे एका गाइडवर टोकदार कोन झाला, ते लगेच दिसतं. तिथे भार एकवटतो. टोकाकडे अंतर कमी, बुडख्याकडे जास्त, असं सरकवत जा की सगळे कोन सारखे दिसतील.

दुसरी किनाऱ्यावर, निम्म्या वजनाचं शिसं लावून. रबराचे छल्ले पूर्ण फेकीला नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा. आसपास माणूस नको. आपल्या किनाऱ्यावर आता पर्यटक असतात, रापणीचं जाळं ओढणारे असतात, सुटलेलं शिसं म्हणजे बंदुकीची गोळी. मी नेहमी पहाटे उजाडताना जातो.

जोडाजवळ गाइड येऊ देऊ नका. दोन तुकड्यांच्या १३ फुटीचा जोड साधारण १९८ सेंमीवर येतो. तीन तुकड्यांची काठी एसटीत, दुचाकीवर न्यायला सोपी, पण दोन जोड सांभाळून गाइड बसवणं कठीण. सुकतींनी दोन तुकडे घेतले ते चांगलं.

---

तंगूस४५ | १६ ऑगस्ट, सकाळी ७:३०

बाटलीची युक्ती मस्त. मी माझ्या जुन्या काठीवर आत्ता करून पाहिली. तिसऱ्या आणि चौथ्या गाइडच्या मधे इतकं मोठं अंतर आहे की लाइन वाकापासून चार बोटं लांब जाते. दहा वर्षं तशीच वापरली.

---

सुकती | २ ऑक्टोबर, रात्री १०:१०

चर्चेचा हा धागा वर काढतोय. काठी तयार आहे, पण आधी पावसात काय झालं ते सांगायला हवं, कारण कोकणात बांधणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागेल.

गाइड ऑगस्टअखेर आले. धागा डी मापाचा नायलॉन घेतला, सर्फ काठीला ए पातळ पडतो. नव्या कानशीने पाय निमुळते केले, पातळ चाकूच्या धारेसारखे, म्हणजे धागा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी राहत नाही. पायरी राहिली की तिथे पोकळी, पोकळीत पाणी. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पोटाला एपॉक्सी लावून सुकवलं.

पहिला गाइड गुंडाळला, वरून दोन भागांचं एपॉक्सी लावलं. दोन सिरिंजने अगदी समसमान मोजून. बाहेर धो धो पाऊस. सकाळी पाहिलं तर थर दुधी, वर चिकट मेणासारखा पापुद्रा. माप चुकलं नव्हतं. हवेतला ओलावा होता. दोन दिवस वाट पाहिली, चिकटपणा गेला नाही. सगळं कापून काढलं.

दुसऱ्यांदा लहान खोली बंद केली, आत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवला, दार-खिडकीच्या फटीला कपडा. सप्टेंबरच्या उघडिपीत दोन दिवस साधले. काठी फिरवायला बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधली थाळीची मोटर घेतली, मिनिटाला पाच-सहा फेरे. तिच्यावरचा व्होल्टेज नीट वाचा. काही २३० वर चालतात, काही २१ वर. जोडणी ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या. एपॉक्सीचे बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून फिरवली की फुटतात. दोन पातळ थर दिले, एक जाड नाही. या वेळी काचेसारखं आलं. धाग्याच्या दोन्ही टोकांना एपॉक्सी धाग्याच्या पुढे दोन मिलिमीटर ब्लँकवर नेलं, म्हणजे पाणी शिरायला कडाच उरत नाही.

आता जागा. बुडख्यापासून सेंटिमीटरमध्ये. स्पूलची पुढची कड ९० वर येते.

३० चा गाइड १७५ वर. २० चा २२२. १६ चा २६३, हीच ती २७ पटीची जागा. मग १२ चे २९६, ३२५, ३५१ आणि ३७५. टोक ३९६.

२० चा आधी २१४ वर होता. बाटलीच्या परीक्षेत ठीक दिसला. भाट्याच्या वाळूत ६० ग्रॅम लावून फेकलं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या गाइडच्या मधे तोच "टप टप" आवाज. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून घेतलं. २० च्या कडीतून बाहेर पडल्यावर लाइन ब्लँकला मारत होती, मधलं अंतर जास्त झालं होतं. आठ सेंटिमीटर पुढे सरकवला आणि आवाज थांबला. जांभादादा, घरातली परीक्षा भार दाखवते, वाहती लाइन दाखवत नाही. दोन्ही कराव्याच लागतात हे आता पटलं.

---

जांभा_दगड | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

स्लो मोशनचं मी कधी केलं नव्हतं. पुढच्या काठीला करणार. फेक किती गेली?

---

सुकती | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

लाइन पाचरंगी आहे, दर दहा मीटरला रंग बदलतो आणि पाच झाले की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे मोजता येतं. जुन्या काठीने त्याच रिळाने, त्याच १०० ग्रॅमने आठवा रंग संपता संपता शिसं पडायचं. नव्या काठीने नववा संपून दहावा सुरू होतो. ब्लँक वेगळा आहे, म्हणून सगळं श्रेय गाइडना देणार नाही. पण गेल्या पाच फेऱ्यांत वाऱ्याची एकही गाठ पडली नाही आणि त्यात दोनदा समोरून चांगला वारा होता. याचं श्रेय मी त्या कललेल्या चौकटीलाच देतो.

परवा पूर्णगडच्या बाजूला सुकतीला पाणी उतरताना रावस लागला. दोन-सव्वादोन किलोचा असेल. पहिली धाव घेतली तेव्हा लीडरची गाठ टोकातून आत-बाहेर तीनदा गेली. प्रत्येक वेळी बोटाला नुसती "टिक" जाणवली, अडकली नाही. संगमारकाकांची आठवण झाली.

गावखडीला मात्र आता रात्री जात नाही. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, डोक्यावरच्या बॅटरीचा उजेड त्यांना चालत नाही. तिथे जाणाऱ्या सगळ्यांना विनंती, तुटलेल्या लाइनचा तुकडा वाळूत टाकू नका, खिशात घालून घरी आणा.

---

संगमार | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

रावस म्हणजे बोहनी बरी झाली. आता काठी धुवची कशी ता पण लिवा. नवीन पोरां नुसता पाणी मारतत आणि ठेवतत.

---

सुकती | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, मी आता असं करतो. घरी आल्यावर लगेच, जेवायच्या आधी, बादलीत कोमट गोडं पाणी. फडका भिजवून प्रत्येक गाइडच्या पायाभोवती दोनदा, कडीच्या आत बोटाने एकदा. नळाचा जोराचा फवारा मारत नाही, त्याने मीठ धाग्याच्या कडेत आणखी आत जातं. मग कोरड्या फडक्याने पुसून काठी सावलीत आडवी ठेवतो, उभी नाही, म्हणजे पाणी ओघळून एकाच पायाशी साचत नाही. महिन्याला एकदा कापसाचा बोळा सगळ्या कड्यांतून.

काल फिरवला. आठही साफ.

---

पुणे_ते_पुळे | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

सुकतीदादा, मी ब्लँक मागवलाय. १२ फुटी, तीन तुकडे. स्पूलचा ओठ ५८ मिमी आला.

---

जांभा_दगड | ११ नोव्हेंबर, दुपारी २:१५

५८ × २७ = १५६६ मिमी. पहिली कडी २५ किंवा ३०, दोन्ही चालतील. जाड लीडर लावणार असाल तर ३०. आता दोन्ही जोड बुडख्यापासून किती सेंटिमीटरवर येतात ते मोजून इथे लिहा, त्याशिवाय पुढे सांगता येणार नाही.